ओढ्याला मत नसतं

मागच्या रविवारी तुम्ही दोघांनी व्हिडिओ कॉलवर एक प्रश्न विचारलात आणि तेवढ्यात तुमच्या आईनं जेवायला हाक मारली, म्हणून उत्तर राहून गेलं. प्रश्न असा होता : लोकसभेच्या प्रत्येक मतदारसंघात मतदार सारखे असावेत, एवढी साधी गोष्ट, मग तिच्यावरून तुमच्याकडे इतकं भांडण कशासाठी?

मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, नागरिकशास्त्र नाही. शिवाय या प्रश्नाचं उत्तर द्यायला बसले की माझ्यासमोर राज्यघटना येत नाही, आमच्या जुन्या घरमालकीणबाई येतात. निपाणीहून चिकोडीकडे जाताना एक लहान गाव लागतं. तिथल्या हायस्कुलात मी नोकरीला होते आणि तुमचे बाबा तिथेच जन्मले. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण ज्यांच्याविषयी लिहिणार आहे त्यातली बरीच माणसं अजून तिथे राहतात आणि मला त्यांच्याकडे जाणंयेणं ठेवायचं आहे. सगळं गाव त्या बाईंना आक्का म्हणायचं, म्हणून मीही तेच म्हणते. गोष्ट क्रमानं सांगायची माझी सवय तुम्हाला माहीत आहे. आक्कांच्या बाबतीत तो क्रम काही लागत नाही, तेव्हा आठवेल तसं लिहिते.

आक्का जैन घरातल्या. नवरा तंबाखूचा व्यापारी, तो लवकर गेला. मूलबाळ नाही. दिराची बायको बाळंतपणात गेली तेव्हा तिचं पोर आक्कांनी उचलून आणलं आणि वाढवलं. तो पुतण्या, मागची विहीर आणि आम्ही तीन भाडेकरू, एवढा त्यांचा संसार. उंची बेताची, आवाज मात्र दोन गल्ल्या ओलांडणारा. नऊवारीचा रंग कधी बदललेला मी पाहिला नाही. हसायच्या क्वचित, आभार कुणाचे मानायच्या नाहीत, आणि चुकलं असं तर त्या कुणाजवळच म्हणाल्या नाहीत.

विहिरीचं पाणी उन्हाळ्यात खाली जाई. मग घागरींचा हिशेब लागे. आक्कांचा नियम होता की घागरी बिऱ्हाडाप्रमाणे नाही, माणसाप्रमाणे. आम्ही दोघंच, शेजारच्या शिंप्याच्या घरात सात माणसं. त्यांना भरपूर आणि आम्हाला तळ झाकण्यापुरतं. तुमचे आजोबा बँकेतले, त्यांनी एकदा रीतसर तक्रार केली की भाडं तर दोन्ही बिऱ्हाडं सारखंच देतात.

“भाडं भिंतीचं,” आक्का म्हणाल्या. “तहान माणसाची.”

तुमचे बाबा जन्मले त्याच्या दुसऱ्याच दिवशी दारात एक जादा घागर येऊन पडली, वरती पाणी गाळायचं स्वच्छ फडकं बांधलेली. शिंपीण म्हणाली, एवढ्याशा जिवाला आख्खी घागर कशाला, एसटीत सुद्धा पोरांना अर्धं तिकीट असतं. त्यावर आक्कांनी तिला सांगितलं की मग पोराला एसटीत नेऊन पाणी पाज, माझ्या विहिरीवर अर्धा माणूस नसतो.

गणपतीत गल्लीचा प्रसाद वाटला जाई. कार्यकर्ते दर घराला एक पुडा देत. आक्का एकट्या होत्या तेव्हा, पुतण्या निपाणीला शिकायला होता. त्या पुडा हातात घेऊन परत मांडवात गेल्या आणि तो टेबलावर ठेवला. ज्या घरात अकरा तोंडं तिथं एक पुडा आणि मी एकटी तर मलाबी एक पुडा, ह्यो देवाचा न्याय का तुमचा, असं त्यांनी अध्यक्षांना विचारलं. अध्यक्ष म्हणाले, आक्का, घरटी द्यायची पद्धत आहे. तेव्हापासून ते वाक्य त्यांच्या तोंडी बसलं : “घरं मोजू नगासा. तोंडं मोजा.” कोणत्याही प्रसंगी ते ऐकू यायचं. लग्नात व्याह्यांची वेगळी पंगत दिसली की, रेशनची रांग मोडली की, वर्गात मी हुशार मुलींनाच प्रश्न विचारते असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं तेव्हा सुद्धा.

त्यांच्याबरोबर राहणं सोपं नव्हतं. एका पोरानं काच फोडली की गल्लीतल्या सगळ्या पोरांना सारखं रागवणं व्हायचं. मला कावीळ झाली होती तेव्हा आक्कांनी आणवलेला उसाचा रस सगळ्या बिऱ्हाडांत सारखा वाटला गेला, मला थेंब जास्त नाही. मी तापलेल्या डोक्यानं म्हटलं की आक्का, दुखणाईताला जास्त द्यायचं असतं. त्यांना ते पटलं नाही. त्या म्हणाल्या, आज तुमाला जास्त दिलं तर उद्या बरं वाटंना असं म्हणत सगळी गल्ली झोपून राहील. मला राग आला होता. आजही आठवलं की येतो.

आता मुख्य गोष्ट. आम्ही बेळगावला राहायला आल्यावरही माझं त्या घराशी जाणंयेणं होतं. काही वर्षांपूर्वी त्या गावच्या पट्टण पंचायतीचे वॉर्ड नव्यानं पाडले गेले. पंचायत म्हणजे गावची छोटी लोकसभाच समजा. प्रत्येक वॉर्डातून एक सदस्य. कच्चा आराखडा कचेरीच्या भिंतीवर लागला, आणि हरकत असेल तर अमुक दिवसांत द्या अशी नोटीस. असल्या नोटिसा कुणी वाचत नाही. आक्का भिंग घेऊन वाचत.

आराखडा असा होता. आक्कांची पेठ, म्हणजे व्यापाऱ्यांच्या दोन गल्ल्या, मिळून एक वॉर्ड. ओढ्याच्या पलीकडे विडी कामगारांची वस्ती, ती सगळी मिळून एक वॉर्ड. वस्तीत मतदार पेठेच्या कितीतरी पट. सदस्य दोन्हीकडे एकच. आणि पेठेतून उभा राहणार होता आक्कांचा पुतण्या. पेठेत नातलगच इतके की त्याला घराबाहेर न पडता निवडून येता आलं असतं.

आक्कांचा मला फोन आला. “बाई, हरकत लिवायची हाय. इंग्लिशमधी लिवा.” मी विचारलं, इंग्रजीत का? तर म्हणाल्या, “मराठीत लिवली तर सायेब म्हणंल ह्यास्नी कोल्हापूरला पाठवा. कन्नडात लिवली तर आपलीच मानसं रुसत्यात. इंग्लिश कुनाचीच न्हाय, म्हणून बरी.”

मी गेले. पुतण्याला कळलं आहे का, हा माझा पहिला प्रश्न होता. आक्कांनी तांदूळ निवडता निवडता मान हलवली. त्याला कळलं होतं आणि तो दोन दिवस जेवायला आला नव्हता. मी म्हटलं, आक्का, तुमचं दुसरं कोण आहे? ज्या पोराला वाढवलंत त्याच्या वाटेत उभं राहायचं तर एकदा विचार करा. त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, “त्यो माझा हाय म्हणूनच. दुसऱ्याचा असता तर लोकं म्हणाली असती, म्हातारी जळती.”

मधल्या दोन दिवसांत मराठी भाषेचं काम करणारी मंडळी घरी येऊन गेली. त्यांचंही म्हणणं होतं की वॉर्ड चुकीचा आहे, पण त्यांना रेषा भाषेप्रमाणे हवी होती. कन्नड मंडळींना ती त्यांच्या भाषेप्रमाणे हवी होती. आक्कांनी दोघांनाही चहा दिला आणि दोघांनाही परत पाठवलं. सीमाभागात अशी माणसं दोन्ही बाजूंना परकी होतात. आक्कांची त्याला तयारी होती.

सुनावणी पंचायतीच्या सभागृहात दुपारी सुरू झाली. आक्कांचा अर्ज सगळ्यांच्या आधी आलेला, पण पुकारा काही होईना. ज्यांनी मागाहून हरकती दिल्या होत्या त्यांची नावं घेतली जात होती. हळूहळू माझ्या लक्षात आलं. पेठेतले जाणते लोक समोरच्या बाकावर बसले होते आणि त्यांची नजर पश्चिमेच्या खिडकीवर होती. आक्का जन्मात कधी सूर्य मावळल्यावर जेवल्या नव्हत्या. आजारपणात नाही, प्रवासात नाही. दिवस कलला की म्हातारी जेवायला उठेल, मग नाव पुकारायचं, गैरहजर असं लिहायचं आणि मोकळं व्हायचं, असा साधा बेत होता, आणि अर्जांची चळत लावणारा कारकूनही पेठेतलाच होता. परक्या माणसाला तो सुचला नसता.

ऊन खिडकीच्या चौकटीवरून खाली उतरायला लागलं तेव्हा पुतण्या आला. चाळिशीचा बाप्या, पण आक्कांसमोर उकिडवा बसला. “आक्का, चल की घरला. दिस बुडायला आला. काय खाल्लं न्हाईस सकाळपास्नं.”

“माझं नाव हुईस्तवर बसते.”

“हरकत मांडलीस तर मी तुझ्या दारात पाय ठिवणार न्हाय. देवाशपथ सांगतो.”

“त्यो तुझा हक्क,” आक्का म्हणाल्या. “ह्यो माझा.”

तो उठून भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. आणि सूर्य मावळला. आक्कांनी एकदा खिडकीकडे पाहिलं आणि पदर नीट केला, बस. गंमत अशी की समोरच्या बाकावरचे सगळेच त्याच नियमाचे. म्हातारी उठते की नाही हे बघत बसण्यात त्यांचंही जेवण बुडालं होतं. एकमेकांकडे बघत ते बसून राहिले, आणि आक्का त्यांना म्हणाल्या की आता कुठं सगळे सारखे झालो.

अधिकारी बागलकोटकडचा तरुण होता. शेवटी त्यानं नाव पुकारलं. माझा इंग्रजी अर्ज वाचला आणि आक्कांना कन्नडमध्ये विचारलं की यात आणखी काही सांगायचं आहे का. आक्का कन्नडमध्येच बोलल्या, आपल्या मराठी वळणाच्या कन्नडमध्ये. त्यांनी प्रसादाच्या पुड्याची गोष्ट सांगितली. वस्तीतल्या बाईचं मत आणि माझं मत सारख्याच पेटीत पडतं, मग आमच्या मूठभर मतांना एक सदस्य आणि त्यांच्या ढीगभर मतांनाही एकच, असं तिनं काय पाप केलं, असं विचारलं. अधिकारी म्हणाला, आजी, वॉर्डाला नैसर्गिक हद्द लागते, मध्ये ओढा आहे.

त्यावर आक्का मराठीत आल्या. “ओढा मत द्यायला येतोय व्हय, सायेब?”

हॉलमध्ये वस्तीतल्या पाचसहा बायका मागे उभ्या होत्या, त्या हसल्या. अधिकारीही खाली बघून हसला. मग त्यानं नकाशा पुढे ओढला.

अंतिम आराखड्यात वस्तीतल्या घरांच्या पुढच्या दोन ओळी पेठेला जोडल्या गेल्या. पूर्ण सारखं झालं नाही, पण बरंच जवळ आलं. निवडणुकीत पुतण्याला आयुष्यात पहिल्यांदा ओढा ओलांडून मत मागायला जावं लागलं. त्याला त्या बायकांची नावं माहीत नव्हती. तो पडला, थोडक्यात पडला. आणि आक्कांनी मत कुणाला दिलं म्हणाल, तर त्यालाच. मला कसं कळलं? निकालाच्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या उंबऱ्यात उभं राहून साऱ्या पेठेला ऐकू जाईल असं सांगितलं : माझं मत माझ्या पोराला गेलं, आणि त्याची किंमत कुणाच्याबी मताएवढीच व्हती.

पुतण्यानं शब्द पाळला. दारात पाय ठेवला नाही. सणाला नाही, आक्का पडून हात मोडला तेव्हाही नाही. त्याच्या दोन मुली, आक्कांच्या नाती, शाळेला जाताना पलीकडच्या फुटपाथवरून जात. आक्का ओट्यावर बसून बघत असत. मी म्हटलं, निरोप पाठवू का? त्या म्हणाल्या, “नगं. त्येला बोलवायला माझ्याजवळ काय कारण न्हाय. मी काय चुकीचं केल्यालं न्हाय.” पण पोरी दिसेनाशा होईपर्यंत त्या उठत नसत.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. लोकसभेत कोणत्या राज्याच्या किती जागा, हा वाटा कित्येक वर्षं जुन्या जनगणनेवर गोठवून ठेवलेला आहे. सरकारनं सांगितलं कुटुंब लहान ठेवा. आपल्या दक्षिणेकडच्या राज्यांनी ते मनावर घेतलं. मीही घेतलं. उत्तरेत माणसं जास्त वाढली. आता नव्यानं मोजून जागा वाटल्या तर तिकडचा वाटा वाढेल, इकडचा घटेल. नाही वाटल्या तर तिकडच्या एका खासदारामागे मतदारांची गर्दी आणि इकडे कमी. म्हणजे पेठ आणि वस्तीच, फक्त ओढा मोठा.

यावरून आक्कांचं आणि माझं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, ज्यांनी सांगितलेलं ऐकलं त्यांनाच शिक्षा, हा कुठला न्याय? तुमच्या सारख्या वाटण्यानं माझी कावीळ बरी झाली नव्हती. त्या म्हणाल्या, शिक्षा करूच नका. पैसा द्या, वरच्या सभागृहात जागा वाढवून द्या, काय वाट्टेल ते द्या. “पर बिहारातल्या बाईला अर्धी करून मला दीड करू नगा. मला दीड व्हायाचं न्हाय.” मी म्हटलं, तुम्हाला कुणी विचारलेलं नाही. त्या म्हणाल्या, मलाच विचारायला पायजे, मत माझं हाय.

मला ते आजही पूर्ण पटलेलं नाही. नव्या मोजणीविरुद्धचं एक निवेदन आपल्या भागात फिरत होतं, त्यावर मी सही केली होती. आजही करीन. तुम्ही मोठे झालात की तुमचं तुम्ही ठरवा.

तेच निवेदन घेऊन एका दुपारी पुतण्या आला. मी तिथेच होते. इतक्या वर्षांनी तो उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिला, चपला न काढता. आता तो एका पक्षात तालुक्याचं काहीतरी पद धरून होता. गावातल्या वजनदार माणसांच्या सह्या मिळवायचं काम त्याच्याकडे होतं आणि वॉर्डाच्या प्रकरणामुळे आक्कांची सही सगळ्यांत वजनाची झाली होती. एवढी म्हातारी सुद्धा आमच्या बाजूची, असं त्याला सभेत सांगायचं होतं.

“आक्का, एवढी एक सही कर,” तो म्हणाला. “आजच पोरींना घिऊन येतो. रातीला हितंच ऱ्हातो समदी.”

मी आक्कांकडे पाहिलं. त्यांचे डोळे त्याच्यावर नव्हते, पलीकडच्या फुटपाथवर होते. मला मनातून वाटत होतं की करावी सही. त्यांचं काय जाणार होतं, लोकसभेचा निकाल काही आक्कांच्या सहीवर अडला नव्हता. माझी सही त्याच कागदावर वर होती. मी तसं म्हटलंही.

“तुमची तुमच्याजवळ, बाई,” त्या मला म्हणाल्या. राग नव्हता त्यात. मग त्याला म्हणाल्या, “भाकरी हाय. जेवतोस?”

“सही?”

“न्हाय रं.”

तो तिथेच उभा. “तू मरंपतूर अशीच ऱ्हाणार,” तो म्हणाला. “सांग, असल्या बाईच्या दारात माणसानं कशाला यावं?”

आक्कांनी जरा विचार केला, खरोखरच विचार केला. “खांदा द्यायला ये,” त्या म्हणाल्या. “तेवढं मातर ये. चौघांचं वजन तिघांवर घालू नगो.”

तो निघाला. कागद त्यानं दुमडून खिशात घातला, ती घडी नीट बसेना म्हणून दोनदा घातला.

पुढच्या उन्हाळ्यात आक्का गेल्या. झोपेतच. शिंप्याच्या सुनेनं मला फोन केला आणि मी पहिल्या गाडीनं गेले. पेठेतली सगळी होती. ओढ्यापलीकडच्या बायका आदल्या दिवसाची विडी तशीच सोडून आल्या होत्या. पुतण्या सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता, ओट्यावर, एकटाच. वेळ झाली तेव्हा पुढची उजवी बाजू त्यानं घेतली.

तो चांगला उंच, बाकीचे तिघं ठेंगणे. तिरडी उचलल्याबरोबर त्याच्या बाजूनं वर गेली आणि कलली. तेव्हा तो गुडघ्यांत वाकला आणि तसाच चालायला लागला. मी गल्लीच्या तोंडापर्यंत त्यांच्या मागून गेले. अर्धी पेठ ओलांडेपर्यंत त्याचे पाय थरथरायला लागले होते. मागून कुणीतरी म्हणालं, दादा, सरळ व्हा की, कंबर धरंल.

“ऱ्हाऊ द्या,” तो मागं न बघता म्हणाला. “सारखं पडतंय न्हवं सगळ्यांवर?”